कुडाळच्या खानावळीतला पालक: सुपरमार्केटच्या भाजीचं एक प्रकरण

सिंधुदुर्गातल्या कुडाळात एक काकू आपल्या घराच्या पडवीत बरीच वर्षं खानावळ चालवतात. कॉलेजची मुलं, बदली होऊन आलेले कर्मचारी, घरी रांधायला कोणी नाही असे काही वयस्कर लोक. दोन्ही वेळची मिळून साठेक पानं होतात. दिवसाला बारा-पंधरा किलो भाजी लागते. इतकी वर्षं ती बाजारातल्या ओळखीच्या भाजीवाल्याकडून आणि आठवडा बाजाराला खेड्यांतून येणाऱ्या बायकांकडून यायची. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर काकूंनी ती महामार्गालगतच्या सुपरमार्केटातून घ्यायला सुरुवात केली. कारणं रास्त होती. पावसात बाजारात चिखल, माश्या आणि भिजलेली पोती. दुकानात काट्यावर चोख वजन, छापील बिल, भाव पाटीवर लिहिलेला, आणि भाजीला मातीचा कण नाही. जेवायला येणाऱ्या एका इंजिनिअर मुलाने भर घातली, "काकू, तिथली भाजी तपासून आलेली असते."

श्रावण लागेपर्यंत कुरबुरी सुरू झाल्या. संध्याकाळी आणलेल्या पालकाची पिशवी सकाळी उघडली की आत काळी, बुळबुळीत पानं आणि आंबूस वास. काकडी वरून चकचकीत, पण सालीवर बारीक खड्डे आणि आतला गर पाणावलेला. वांगं चिरलं की बिया तपकिरी. फरसबी हिरवीगार दिसायची, शिजली की दोरे दातात अडकायचे. काकूंनी एकदा पाच किलो पालक निवडून मग वजन केलं, तर कामाचा निघाला तो जेमतेम सव्वातीन किलो. पाटीवर स्वस्त दिसलेला पालक कढईत पडेपर्यंत बाजारापेक्षा महाग झाला होता.

मी पूर्वी अन्नविज्ञान शिकवायचे, आता आसपासच्या महिला बचत गटांबरोबर काम करते. म्हणून काकूंनी मला बोलावून घेतलं. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं: "ताई, माका एवढाच सांगा, ताजी खंयची आणि खावक बरी खंयची?"

काकूंनी एका दमात विचारलं तरी हे दोन प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं मिळत नाही. भाजी ताजी आहे की नाही हे ती तोडल्यापासून किती तास गेले आणि ते तास कुठल्या तापमानात गेले यावर ठरतं. ती सुरक्षित आहे की नाही हे तिच्यावर आणि तिच्यात काय आहे यावर ठरतं. फवारलेल्या औषधाचा अंश, जंतू, लावलेला रंग, कधी भाजीत आपसूक तयार झालेलं विष. आपण गिऱ्हाईक मात्र दोन्हींचा निवाडा चकाकीवरून करतो, आणि चकाकी दोहोंपैकी कशाचीच साक्ष देत नाही.

पालक कुठून आला

सिंधुदुर्गात पावसाळ्यात पालेभाजीचं पीक फारसं उभं राहत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खाचरांत भात. मांडवावर चढणारी वेलभाजी होते: पडवळ, दोडकी, कारली, तवसं. भेंडी होते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने या हवेसाठी कारल्याची 'कोकण तारा', पडवळाची 'कोकण श्वेता', दोडक्याची 'कोकण हरिता' अशी वाणं काढली आहेत. पण पालक, मेथी, फ्लॉवर, कोबी, टोमॅटो, ढोबळी मिरची हा माल घाटावरचा, कोल्हापूर आणि बेळगाव बाजूचा. कोल्हापूरची गाडी गगनबावड्याहून करूळ नाहीतर भुईबावडा घाटाने उतरते, किंवा राधानगरीहून फोंडा घाटाने, बेळगावची आंबोलीने. दरड पडून एखादा घाट बंद झाला की गाडीला वळसा पडतो आणि भाजीच्या आयुष्यातले कित्येक तास रस्त्यातच सरतात.

सुपरमार्केटचा मॅनेजर तरुण आहे, जवळच्याच गावचा. काकूंबरोबर मी गेले तेव्हा त्याने काही लपवलं नाही. मागची खोली दाखवली, पावत्या दाखवल्या. त्याच्या आणि बाजारातल्या भाजीवाल्याच्या सांगण्यावरून पालकाचे दोन रस्ते स्पष्ट झाले. बाजारातला पालक घाटावर संध्याकाळी कापला जातो, पहाटे घाऊक बाजारात लिलाव होतो, दुपारपर्यंत गाडी कुडाळात येते. कापल्यापासून अठरा ते चोवीस तास. सुपरमार्केटचा पालकही तसाच संध्याकाळी कापला जातो, पण तो आधी कंपनीच्या संकलन केंद्रावर जातो, तिथून वितरण केंद्रात. तिथे निवड होते, जुड्या सारख्या होतात, क्रेट भरले जातात. दुसऱ्या रात्री गाडी निघते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी माल रॅकवर लागतो. म्हणजे गिऱ्हाइकाचा हात लागण्याआधीच छत्तीस ते चाळीस तास. २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, तेव्हापासून कंपन्यांना शेतकऱ्याकडून थेट खरेदी सोपी झाली. मधले दलाल कमी झाले हे खरं, पण मधले तास कमी झालेच असं नाही.

गाडी आली नाही की मॅनेजर स्थानिक घाऊक व्यापाऱ्याकडून माल उचलतो. काकूंचा जुना भाजीवाला त्याच व्यापाऱ्याकडून घेतो. अशा दिवशी बाजारातला पालक आणि रॅकवरचा पालक एकाच गाडीतून उतरलेला असतो. एक गोणपाटावर बसतो, दुसरा दिव्याखाली. काकूंना हे ऐकून सगळ्यात जास्त धक्का बसला.

पाकिटावरच्या तारखेचं तसंच. मशरूम, बेबी कॉर्न, सोललेला लसूण यांच्या पाकिटांवर 'पॅकिंगची तारीख' असते आणि ती बहुतेक वेळा आजची किंवा कालची. काकू ती तोडणीची तारीख समजत होत्या. ती माल पाकिटात भरल्याची तारीख असते. त्याआधी तो किती दिवस कुठे होता हे त्या तारखेत कुठेच नसतं.

थंडी कोणाला मानवते

तोडलेली भाजी मेलेली नसते, ती श्वास घेत असते. साठवलेली साखर जाळते, ऊब सोडते, पाणी गमावते. पालकाच्या भरलेल्या क्रेटच्या मध्यात हात घातला तर ती ऊब जाणवते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा श्वास साधारण दुप्पट-तिप्पट होतो आणि भाजीचं उरलेलं आयुष्य त्याच हिशेबाने आटतं. पालक, मेथी, वाटाणा, फरसबी, भेंडी यांचा श्वास जलद, कांदा-बटाट्याचा संथ. म्हणून पालकाला कापल्यापासून शून्य-दोन अंशांची थंडी आणि भरपूर दमटपणा मिळाला तर तो आठवडाभर बरा राहतो. नाही मिळाला तर त्याचं क जीवनसत्त्व आधी जातं, रूप नंतर.

सुपरमार्केटचा मोठा दावा हाच असतो की थंडीची साखळी तुटत नाही. आमच्या बाबतीत ती तीन ठिकाणी तुटत होती. वितरण केंद्रातून येणारी गाडी ताडपत्रीची होती, थंडाव्याची नव्हे. दुकानातला उघडा रॅक रात्री वीज वाचवायला बंद व्हायचा आणि दिवसा लाईट गेली की जनरेटरवर दिवे चालायचे, रॅक नाही. तिसरी जागा काकूंची खानावळ, जिथे पालक दोन-तीन तास पडवीत पडून मग फ्रीजमध्ये जायचा. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर आम्ही रॅकवर ठेवून पाहिला. मागच्या बाजूला, थंड झोत येतो तिथे, आठ अंश. पुढच्या कडेला, जिथे गिऱ्हाइकासाठी जुड्या रचलेल्या असतात, सोळा.

आणि त्याच रॅकवर, पालकाला खेटून, काकडी, वांगी, भेंडी. काकडी-वांग्याची तक्रार इथेच उलगडली. ही उष्ण हवेची पिकं आहेत. साधारण दहा अंशांच्या खाली दोन-चार दिवस ठेवली की त्यांच्या पेशींना इजा होते. काकडीच्या सालीवर खड्डे पडतात आणि गर पाणावतो, वांग्याच्या बिया आणि गर तपकिरी होतो, भेंडीवर काळे डाग येतात. टोमॅटोचा वास आणि चव मरते. इजा थंडीत असेपर्यंत दिसत नाही. भाजी बाहेर काढून घरी आणली की दिसते. म्हणून दुकानदाराला वाटतं आपण चांगली दिली आणि गिऱ्हाइकाला वाटतं आपल्या घरात बिघडली. वितरण केंद्रातल्या थंड खोलीत सगळी भाजी एकत्र ठेवत होते असं पुढे कळलं. म्हणजे पालकाला हवी ती थंडी शेवटपर्यंत मिळाली नाही, आणि काकडीला नको ती मिळाली.

रॅकच्या टोकाला पिकलेली केळी आणि पपया होत्या. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं. त्याने शेजारची पालेभाजी पिवळी पडते, कारलं पिकायला लागतं, गाजर कडवट होतं.

पाणी शिंपडण्याचंही सांगायला हवं, कारण त्याची भुरळ सगळ्यांना पडते. पालेभाजीने आपल्या वजनाच्या तीन-पाच टक्के पाणी गमावलं तरी ती मलूल दिसते. वरून फवारा मारला की पानं पुन्हा ताठ होतात. यात फसवणूक नाही, बाजारातली मावशीही तेच करते. पण ताठ झालेलं पान ताजं झालेलं नसतं. तेच ओलं पान बिनछिद्राच्या प्लास्टिक पिशवीत बांधलं की आतला प्राणवायू संपतो, पान गुदमरतं, आंबूस वास सुटतो, आणि कोकणातल्या पावसाळी दमट हवेत एका रात्रीत त्याचा चिखल होतो. काकूंच्या पिशव्यांचं हेच होत होतं. पाणी झटकून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवलेला त्याच गठ्ठ्यातला पालक दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत शाबूत राहिला.

इथे एक गोष्ट सुपरमार्केटच्या बाजूने सांगायला हवी. माल जुना म्हणजे शिळाच असं नाही. ऑगस्टमधला बटाटा बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला आणि शीतगृहात ठेवलेला असतो. कांदा एप्रिल-मेचा, कांदाचाळीतला. अलिबागचा पांढरा कांदा माळा बांधून टांगतात तो याच भरवशावर, आणि आपल्याकडे तवशी, भोपळे आढ्याला बांधून महिनोन् महिने टिकवत आलेत. या मालात सुपरमार्केट खरंच सरस होतं: निवड चांगली, भाव कमी. गोठवलेला वाटाणाही तसाच. तो काढणीनंतर काही तासांत वाफवून उणे १८ अंशांवर नेलेला असतो, म्हणून घाट उतरून चार हात बदललेल्या शेंगांपेक्षा त्यात जीवनसत्त्व जास्त असू शकतं. पाकीट हलवून दाणे सुटे वाजले पाहिजेत. गठ्ठा झाला असेल तर वितळून पुन्हा गोठलेलं आहे असं समजावं आणि ठेवून द्यावं.

दिव्याखालचा उघडा बटाटा मात्र तपासून घ्यावा लागला. दिवसभरच्या उजेडात तो हिरवा पडतो. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी, पण त्याच्याबरोबर सोलॅनिनसारखी विषं वाढतात आणि ती शिजवून जात नाहीत. हिरवा भाग खोलवर कापून टाकायचा, बटाटा कडू लागला तर सगळाच टाकायचा. काकू आता उघड्या ढिगातला बटाटा घेत नाहीत. मागच्या खोलीतलं पोतं मागतात.

"तपासून आलेली" म्हणजे काय

इंजिनिअर मुलाचं वाक्य मी मॅनेजरला विचारलं. तो म्हणाला, "हो, क्यूसी होतं ना." क्यूसी म्हणजे गुणवत्तेची तपासणी. काय पाहतात, तर आकार, रंग, डाग, किडलेलं-चेपलेलं. औषधाच्या अंशाची तपासणी त्यात नव्हती, आणि दर गाडीची असूही शकत नाही. कीटकनाशकाचा अंश डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. त्याला प्रयोगशाळेतली महागडी यंत्रं लागतात, एका नमुन्याला हजारोंनी खर्च येतो आणि अहवाल यायला दिवस लागतात. तोवर तो पालक खाऊन झालेला असतो. ताज्या भाजीची सुरक्षितता रॅकवर तपासून मिळवता येत नाही. ती शेतातच सांभाळावी लागते.

आणि शेतापाशीच कायद्याचा हात आखडतो. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम १८ ने शेतकरी आणि शेतीची कामं त्या कायद्याच्या बाहेर ठेवली आहेत. छोट्या शेतकऱ्याला अन्न निरीक्षकाच्या दारात उभं करू नये हा त्यामागचा विचार मला पटतो. पण त्यामुळे भाजीत औषधाचा किती अंश चालतो याची कायदेशीर मर्यादा विकणाऱ्याला लागू होते आणि तो अंश जिथे तयार होतो तिथे दुसरा कायदा, १९६८ चा कीटकनाशकांचा. त्यात मोलाची गोष्ट म्हणजे औषधाच्या डब्यावर छापलेला काळ: शेवटच्या फवारणीनंतर किती दिवस थांबून तोडणी करायची. कुठल्या पिकावर कुठलं औषध चालतं हेही लेबलावर असतं. मोनोक्रोटोफॉस भाज्यांवर मारायला देशात बंदी आहे. डब्यावरच्या त्रिकोणाचा रंग विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. शेतकऱ्याने ते दिवस पाळले तर मर्यादा बहुतेक पाळली जाते. नाही पाळले तर पुढे कोणी कितीही थंड रॅक लावला तरी उपयोग नाही.

माझ्या मते सुपरमार्केटचं खरं बळ इथे असायला हवं होतं. त्यांच्या संकलन केंद्रात कोणत्या शेतकऱ्याचा कोणता क्रेट हे नोंदलेलं असतं. फवारणीची वही मागायची ताकद त्यांच्याकडे आहे. आठवडा बाजारातल्या गिऱ्हाइकाकडे ती नाही. ती माहिती पाटीवर लिहिली तर सुपरमार्केटची भाजी बाजारापेक्षा सुरक्षित असं मी निःशंक म्हणेन. आज ती नोंद कंपनीच्या संगणकात राहते आणि रॅकवर फक्त भाव येतो.

मग बाजार बरा का? काकूंना तेच वाटलं होतं. आठवडा बाजारात एका मावशीची दोडकी आम्ही पाहिली. कोवळी, देठ नुकताच कापलेला. "सकाळीच काढलंय गो, देठाक चीक असा बघ," मावशी म्हणाल्या, आणि चीक होताच. तोडून पाच-सहा तासही झाले नव्हते. याहून ताजी भाजी कुडाळात मिळणार नाही. शेजारी त्यांचीच वांगी होती, तीही तितकीच ताजी. औषध मारता का विचारलं, तर सरळ सांगितलं, वांग्याला पोखरणारी अळी फार, "दुकानदारान दिल्यान ता मारलंय." कधी? परवा. नाव माहीत नाही, थांबायचे दिवस माहीत नाहीत, डबा घरी आहे. त्या बाईंचा यात दोष म्हणावा असं मला वाटत नाही. लेबलावरची अक्षरं मला चष्मा लावूनही वाचता येत नाहीत इतकी बारीक असतात आणि दुकानदाराने तोंडी काही सांगितलेलं नसतं. पण परवा फवारलेलं आणि आज तोडलेलं वांगं जितकं ताजं तितकं जास्त जोखमीचं. घाटावरून रखडत आलेल्या वांग्यावर निदान मधले दिवस तरी गेलेले असतात.

पावसाळी रानभाज्यांना, टाकळा, कुरडू, भारंगी यांना, कोणी फवारत नाही, म्हणून त्या निर्धास्त घ्याव्यात असं काकूंचं मत होतं. बहुतांशी खरं आहे. फक्त काजूच्या, आंब्याच्या बागेत तणनाशक मारतात, आणि टाकळा तणातच उगवतो. कुठून खुडला एवढं विचारून घ्यायचं.

धुण्याने काय जातं, काय नाही

खानावळीत भाजी चिरून मग धुवायची पद्धत होती. ती उलटी केली. धुतल्यावर चिरली तर जीवनसत्त्वंही वाचतात आणि सालीवरचं आत जात नाही. मुळात उपाय साधा आहे, वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुणं. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्राने भाजी धुण्याचे विकतचे द्रव आणि नळाचं पाणी यांची तुलना केली तेव्हा पाणी त्यांच्या तोडीचं ठरलं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात खाण्याच्या सोड्याच्या एक टक्का द्रावणात सफरचंद बारा-पंधरा मिनिटं ठेवल्यावर सालीवरची दोन औषधं निघाली, पण जे सालीच्या आत शिरलं होतं ते राहिलं. म्हणून घमेल्यात लिटरला दोन लहान चमचे सोडा हा प्रघात खानावळीत घातला, नंतर साध्या पाण्याने खळखळून. फ्लॉवरला मिठाचं कोमट पाणी, ते अळ्या बाहेर येण्यासाठी. झाडाच्या रसात मिसळणारी औषधं, इमिडाक्लोप्रिडसारखी, धुऊन जात नाहीत. त्यांच्यावर थांबण्याचे दिवस पाळणं हाच उपाय.

भेंडी-मिरची-वाटाण्याला हिरवा रंग लावण्याची भीती इथे बरीच बोलली जाते. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने घरी करता येईल अशी चाचणी दिली आहे. कापसाचा बोळा द्रव पॅराफिनमध्ये भिजवून भेंडीवर घासायचा, हिरवा झाला तर मॅलाकाइट ग्रीन हा रंग लावलेला आहे. आम्ही दोन्हीकडच्या भेंडीवर आणि मिरचीवर घासून पाहिला, बोळा पांढराच राहिला. काकूंच्या मनातली ही एक भीती तिथेच संपली.

दुधी, दोडकी, काकडी यांचं एक जुनं तंत्र काकूंना माझ्याआधी माहीत होतं: चिरताना टोकाचा तुकडा चाखायचा, कडू लागला तर अख्खी फेकायची. हा कडूपणा म्हणजे कुकर्बिटासिन, वेलीत आपसूक तयार होणारं. २०१० मध्ये दिल्लीत दुधीचा कडू रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला आणि त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली होती. ही परीक्षा कुठल्याही क्यूसीमध्ये होत नाही, विळीवरच होते.

मला खरी काळजी वाटली ती पालकाची नव्हे, दोन वेगळ्या गोष्टींची. काकूंनी वेळ वाचवायला सुपरमार्केटातून चिरलेल्या कोबी-गाजराची आणि मोड आलेल्या मुगाची पाकिटं आणायला सुरुवात केली होती आणि त्यांची कच्ची कोशिंबीर पानात वाढली जात होती. अख्ख्या भाजीची साल हे तिचं कवच. चिरली की रस बाहेर येतो आणि जंतूंना अन्न मिळतं. असं पाकीट सतत पाच अंशांच्या आत राहायला हवं. सोळा अंशांच्या रॅकवर ते राहत नाही. मोडांचं तर याहून नाजूक. कडधान्याला मोड यायला जी ओल आणि ऊब लागते तीच जंतूंना लागते, आणि बियांवर जंतू असेल तर वरून धुऊन तो जात नाही. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय या जंतूच्या एका घातक जातीने जवळपास चार हजार माणसं आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली. आधी संशय स्पेनच्या काकडीवर गेला, शेतकऱ्यांचा माल कुजला, आणि शेवटी माग लागला तो मेथीच्या मोडांपर्यंत. घरी आणलेल्या मोडांनाही हाच धोका आहे. आपल्याकडे मोड आले की उसळ होते, वालाचं बिरडं होतं, सगळं रटरटून शिजतं, ही पद्धत शहाणी आहे. कच्चे मोड म्हणजे आरोग्य ही समजूत निदान साठ पानांच्या खानावळीत, पावसाळ्यात, मला मान्य नाही. हे मी काकूंना स्पष्ट सांगितलं.

काय ठरलं

कांदा, बटाटा, लसूण, गोठवलेला वाटाणा सुपरमार्केटातून. बिलावर दुकानाचा चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक असतो. २०२२ पासून तो छापणं बंधनकारक आहे, आणि तक्रार करायची वेळ आली तर तो लागतो, म्हणून काकू ती बिलं आता खिळ्याला टोचून ठेवतात. पालक, फ्लॉवर, ढोबळी मिरची पावसाळ्यात कमी केली. पानातली पालेभाजी आठवड्यातून तीनदा, बाकी दिवशी पडवळ, दोडकी, कारली, भेंडी, लाल भोपळा. जेवणाऱ्यांपैकी काहींनी पडवळावर नाक मुरडलं. चण्याची डाळ आणि ओलं खोबरं घालून केलेल्या पडवळावर नाही मुरडलं.

मॅनेजरने आपल्या हातातलं केलं. काकडी, वांगी, भेंडी, टोमॅटो थंड रॅकवरून काढून बाहेरच्या टोपल्यांत लावली, केळी दुसऱ्या टोकाला हलवली, बटाट्यावर गोणपाट आलं. तोडणीची तारीख आणि गाव पाटीवर लिहायला वरून परवानगी मिळाली नाही. त्याने खडूने फळ्यावर गाडी कुठल्या दिवशी आली ते लिहायला सुरुवात केली, आणि माझ्या लेखी ते पुष्कळ आहे. गिऱ्हाईक फळा वाचतं आणि कालच्या गाडीचा पालक मागे ठेवतं. रात्री रॅक बंद करणं चालूच आहे. विजेचं बिल त्याच्या हातात नाही.

वांगी विकणाऱ्या मावशींच्या गावात बचत गट आहे. तिथल्या बायकांबरोबर आम्ही एक साधी वही सुरू केली. वाफ्याचं नाव, औषधाचं नाव, मारल्याची तारीख, लेबलावरचे थांबायचे दिवस, आणि त्यापुढे तोडायला मोकळी तारीख. लेबल वाचून दाखवायला गावातली बारावीतली मुलगी आहे. डबा घेताना दुकानदाराकडून बिल आणि तोंडी माहिती मागून घ्यायची असंही ठरलं. पहिल्याच महिन्यात दोन बायकांच्या लक्षात आलं की दुकानदाराने दिलेल्या औषधाच्या लेबलावर वांग्याचं नावच नाही. ते परत केलं. अळी लागलेले शेंडे खुडून जाळणं आणि मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे कामगंध सापळे, एवढ्यावर एका वाफ्यात तरी भागलं.

भात कापल्यावर कार्तिकात मळे सुरू झाले, लाल माठ, मुळा, वाली आली. आता खानावळीत माठ सकाळी काढलेला दुपारच्या पानात असतो, आणि देठांचीही भाजी होत असल्याने टाकायला जवळपास काही उरत नाही. काकू जुडीमागे बाजारापेक्षा थोडं जास्त देतात, रोख, त्याच दिवशी. मॅनेजरनेही गटाचा माठ आठवड्यातून दोनदा घ्यायची तयारी दाखवली; वरून होकार आला तो पंधरा दिवसांनी पैसे देण्याच्या अटीवर. बायकांनी बसून हिशेब केला. बियाणं, पंपाचं डिझेल, मजुरी रोज द्यावी लागते. त्यांनी उधारी सात दिवसांवर आणायची मागणी लेखी दिली आहे, आणि मॅनेजरने ती पुढे पाठवली आहे.